हापसा बिघडेपर्यंत तिथं राहा

कोल्हापूर

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले युगांडातल्या स्वयंसेवक कामाचे कागद वाचले. आईच्या कानावर ‘दोन वर्षं परदेशात’ एवढंच घातलंय. तिला पहिली काळजी जेवणाची. मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा आणि घेवड्याची उसळ असते म्हटल्यावर तिनं कांदा-लसूण चटणी किती किलो नेता येईल, याचा हिशेब सुरू केलाय. म्हणजे अर्धी तयार आहे असं समज.

तीन आठवड्यांचा तो पर्याय मात्र सोडून दे. आपणच फी भरायची, शाळेची भिंत रंगवायची, पोरांबरोबर फोटो काढायचे. त्याला सहल म्हण आणि सुट्टीत जा. काम शिकायचं असेल तर दोन वर्षांचं पाणीपुरवठ्याचं घे.

का म्हणतो ते सांगतो. तिथं गावोगाव जो हापसा आहे तो आपल्या इंडिया मार्क टू वरून केलेला, यू-टू म्हणतात. आणि मार्क टू ची पाळंमुळं आपल्याच सोलापूर-जालन्याकडच्या पंपांत. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यावरून तो घडला. मजबूत आहे, पण खाली सिलिंडरमधला साधा वॉशर गेला तरी सगळे जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप वर ओढावे लागतात. तिकाटणं, जाड पाने, चार-पाच गडी. त्याच्या पुढच्या मार्क थ्री मध्ये आतला दांडा आणि प्लंजर (पाणी उचलणारा दट्ट्या) तेवढे वर निघतात, पाइप जागेवर राहतात. तिकडं काही भागांत पाणी आम्लयुक्त आहे. त्यात जीआयचा जस्ताचा थर जातो, मग लोखंड गंजतं, पाणी तांबूस येतं, भांड्याला वास मारतो. हापसा चालू असतो, तरी बायका परत डबक्यावर जातात. आता हे तीन आठवड्यांत कुणाला दिसणार? नवा पंप बसवला त्या दिवशी नितळच पाणी येतं. गंज दिसायला काही काळ जावा लागतो. मग प्लॅस्टिकचा पाइप घालायचा की स्टेनलेस, पैसे कुणी भरायचे, गावच्या पाणी समितीत वर्गणी का थकली, हे सगळं तुझ्या गळ्यात पडेल. ते पडू दे.

परत आल्यावर नोकरीत ‘मधली दोन वर्षं’ विचारतील, ही तुझी भीती. उद्यमनगरात माझ्याकडं पोरगं कामाला आलं की सर्टिफिकेट मी शेवटी बघतो. आधी विचारतो, तुझ्या हातून बिघडलेलं काय होतं आणि ते तू कसं लावलंस? ज्याला सांगता येतं तो राहतो. मोठ्या कंपनीतला साहेब इंग्रजीत विचारेल, एवढाच फरक.

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघ. युनोच्या स्वयंसेवक योजनेतसुद्धा पगार नसतो, राहण्या-खाण्याचा भत्ता असतो. तुझ्या संस्थेचंही तसंच. पीएफ बंद पडेल, बचत जवळजवळ शून्य. स्कूटरचे हप्ते जाण्याआधी फेड. थोडे राहिले तर मी बघतो, पण आधी तू बघ.

आणि सही करण्याआधी त्यांना सरळ लिहून विचार: तिथला हापसा दुरुस्त करणारा मिस्त्री कोण, त्याला मजुरी कोण देतं, सुटे भाग कुठल्या गावात मिळतात, आणि मी निघाल्यावर हे काम कोण बघणार? गोलमाल उत्तर आलं तर दुसरी संस्था शोध. मिस्त्री तिथलाच असला पाहिजे आणि तू त्याच्या हाताखाली शिकलं पाहिजे. इंजिनिअर म्हणून पहिल्याच दिवशी त्याला अक्कल शिकवू नकोस, तो पाइप ओढत आलाय.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते, तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेव. येताना आपल्या विमानतळावरही बघतात. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. विम्यात आजारपणी मायदेशी आणायचा खर्च आहे का, तेही वाच.

रविवारी फोन कर. तोवर आईशी मी बोलून ठेवतो.

तुझे,
अण्णा