इंटरफेरॉनसोबत स्टेरॉइड : अटॅक आणि अपंगत्व यांचा हिशोब वेगळा मांडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मल्टिपल स्क्लेरोसिसवर (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच हल्ला करते तो आजार) लेख आला ते वाचून खरंच बरं वाटलं, कारण या आजारावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. पण त्यात एक वाक्य होतं की सुरुवातीपासूनच इंटरफेरॉनच्या (एमएसचे अटॅक कमी करण्यासाठी नियमित घ्यायचं इंजेक्शन) जोडीला दर महिन्याला स्टेरॉइड दिलं तर आजार जास्त चांगला आटोक्यात राहतो. मी स्वतः एमएसची पेशंट आहे, इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेते, आणि ते वाक्य वाचून किती जण डॉक्टरांकडे किंवा थेट मेडिकलमध्ये जातील याची मला काळजी वाटली म्हणून हे पत्र.

आमच्यासारख्या पेशंटना स्टेरॉइडचा मोह का पडतो ते आधी सांगते. अटॅक येतो, म्हणजे आजार अचानक उसळतो, एका डोळ्याने धूसर दिसायला लागतं किंवा पाय जड होतो, मग तीन ते पाच दिवस सलाईनमधून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि बऱ्याच जणांना काही दिवसांतच फरक जाणवतो. इंटरफेरॉनचं बरोबर उलटं, इंजेक्शन घेतलं की त्या रात्री ताप, कणकण, अंगदुखी, आणि फायदा मात्र डोळ्याला दिसत नाही कारण फायदा म्हणजे न आलेला अटॅक. म्हणून मनात येतंच की जे औषध लगेच गुण देतं तेच दर महिन्याला घेतलं तर काय बिघडलं? पण डोळ्याच्या नसेच्या सुजेवर १९९२ साली जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यातच दिसलं होतं की सलाईनमधल्या स्टेरॉइडने नजर लवकर परत येते, पण सहा महिन्यांनी बघितलं तर स्टेरॉइड घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची नजर जवळपास सारखीच. आणि साध्या डोसच्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना तर तो त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण उलट वाढलं. हे वाचल्यापासून गुण लवकर येणं आणि आजार थांबणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या वेगळ्या झाल्या.

आता मूळ मुद्दा. तुमच्या लेखातला प्रश्न नेमका तपासणारा अभ्यास म्हणजे मेकॉम्बिन, २०१० साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आला. सात देशांतले ३४१ पेशंट, ज्यांनी आधी एमएसचं औषध घेतलेलं नव्हतं असे. सगळ्यांना आठवड्यातून एकदा इंटरफेरॉन बीटा-१ए, आणि निम्म्यांना त्याच्यासोबत दर महिन्याला तीन दिवस रोज ५०० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्या, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. स्टेरॉइडवाल्यांना अटॅक कमी आले, एमआरआयवरही फरक दिसला. पण ज्यासाठी अभ्यास केला होता, म्हणजे टिकून राहणारं अपंगत्व पुढे ढकललं जातं का, त्यात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. तुमच्या लेखात पहिला भाग आला आणि हा दुसरा गळाला, आणि पेशंटला तर दुसराच जास्त हवा असतो हो, पुढे मला चालता येईल का हेच आम्ही विचारतो.

दुसरा एक अभ्यास नॉर्डिक देशांतला (डेन्मार्क, स्वीडनकडचा), २००९ चा, त्यात इंटरफेरॉनला दर महिन्याच्या स्टेरॉइडची जोड दिल्यावर अटॅक ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आणि हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते पेशंट सुरुवातीचे नव्हते, इंटरफेरॉन चालू असूनही ज्यांना अटॅक आला होता असे होते, एकूण फक्त १३०, आणि बरेच जण मधेच अभ्यास सोडून गेले, त्यामुळे संशोधकांनीच हे निष्कर्ष सावधपणे घ्या असं लिहिलंय. त्याच वर्षी आलेल्या तिसऱ्या एका अभ्यासात इंटरफेरॉनच्या जोडीला दर दोन महिन्यांनी तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉइड देऊन बघितलं, तिथे कल फायद्याकडे दिसला पण ठामपणे सांगण्याइतका नाही.

आणि स्टेरॉइड फुकट काम करत नाही. झोप उडते, मूड बिघडतो, चेहरा सुजतो, शुगर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, इन्फेक्शनचा धोका वाढतो. एमएस बहुतेकांना वीस ते चाळीस या वयात गाठतो आणि पुढे कित्येक वर्षं सोबत राहतो, तेव्हा दर महिन्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला छत्तीस दिवस हेवी डोस, तोही असा किती वर्षं? ज्याचा तोल आधीच जातो त्याची हाडं ठिसूळ करणं ही किरकोळ गोष्ट नाही, पडला की फ्रॅक्चर.

माझा स्टेरॉइडला विरोध नाही. त्रास देणाऱ्या अटॅकमध्ये ते द्यायलाच हवं, मी घेतलंय आणि परत लागलं तर घेईन. पण हे अभ्यास झाले तेव्हा हातात औषधं मोजकीच होती, आता इंटरफेरॉन पुरं पडत नसेल तर त्याला स्टेरॉइडची जोड देण्यापेक्षा डॉक्टर सहसा औषधच बदलून जास्त प्रभावी देतात. हा पर्याय लेखात यायला हवा होता, कारण इंटरफेरॉनवर असूनही अटॅक येणाऱ्या पेशंटने आपल्या न्यूरोलॉजिस्टला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत या विषयावर खुलासा छापा, आणि त्यात अटॅक किती कमी झाले व अपंगत्वावर काय परिणाम झाला हे वेगवेगळं लिहा. सोबत हेही ठळक छापा की जुन्या चिठ्ठीवर परस्पर स्टेरॉइडचा कोर्स घेऊ नये आणि लेख वाचून चालू इंटरफेरॉन आपल्या मनाने बंदही करू नये.

आपली,
एक वाचक आणि एमएसची पेशंट