नवीन शहरात सायकल परत सुरू करायची तर रस्त्यांची ओळख कोण करून देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला तेव्हापासून दरवर्षी त्या दिवसाचे फोटो पेपरात येतात, मी ते आवडीने बघते. पण ४ जूनला ज्याला खरंच सायकल बाहेर काढायचीय त्याच्यासाठी पेपरात काही नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय. मला बोलायचंय ते शहर बदललेल्या माणसाबद्दल. आधीच्या गावी जो रविवार उजाडला की हौसेने चाळीस चाळीस किलोमीटर फिरून यायचा आणि नवीन जागी आल्यापासून ज्याची सायकल जिन्याखाली धूळ खात उभी आहे, त्याच्याबद्दल. मी त्यातलीच एक. माझी सायकल चौदा महिने उभी होती.

घरचे म्हणायचे आता वय झालं, ऑफिसात म्हणायचे वेळ काढला की होतं सगळं, आणि मलाही वाटायचं की आपल्यालाच आळस आलाय. आता परत सुरू करून आठ महिने झालेत आणि मी खात्रीने सांगते की आळस नव्हता. आधीच्या शहरात मला रस्ते पाठ होते. कुठला चौक पहाटे रिकामा असतो, कुठल्या गल्लीत कुत्री मागे लागतात, कुठल्या वळणावर बारीक खडी साचते आणि ब्रेक आधीच दाबायचा असतो, कुठला चढ दिसायला मोठा पण दोन मिनिटांत संपतो, हे सगळं डोक्यात सुद्धा नसतं हो, पायात असतं. शहर बदललं की सायकल चालवणं आपण विसरत नाही, पण ही सगळी माहिती एका दिवसात शून्य होते आणि आपण मोठ्या माणसाच्या अंगात पहिल्या दिवशीच्या शिकाऊ मुलासारखे होतो. भीती वाटते ती याची. आणि ती कुणाला सांगता येत नाही कारण चाळिशीतल्या बाईला रस्त्याची भीती वाटते म्हटलं की लोक लगेच म्हणतात मग नका चालवू.

आता आधी सायकलचं सांगते, कारण गाडं तिथेच अडतं. सामान हलवणाऱ्यांनी माझी सायकल ट्रकमध्ये गिअरच्या बाजूवर आडवी टाकून वर खोके रचले होते. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, फ्रेमला जिथे लागतो तिथे हँगर म्हणून ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, तो मुद्दाम मऊ ठेवतात म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. माझा वाकला होता. मला कळलंच नाही, गिअर खडखड करतात एवढंच कळलं, आणि मी तशीच चढावर सगळ्यात हलक्या गिअरला गेले तेव्हा डिरेलर चाकाच्या तारांना घासायला लागला. आणखी थोडा आत गेला असता तर तारांत अडकून चाक जागच्या जागी थांबलं असतं, आणि मी पडले असते. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी मागे उभं राहून एक डोळा मिटून बघितलं आणि दोन सेकंदात सांगितलं, "ताई, हा आत वळलाय." म्हणून सगळ्यांना सांगते, सायकल ट्रकमधून किंवा ट्रेनमधून आली असेल तर ती चालवायच्या आधी मागून बघा, डिरेलर चाकाला समांतर सरळ लोंबतोय का. एवढं बघायला काही शिकावं लागत नाही.

बाकी चौदा महिन्यांत काय काय होतं तर ट्यूबमधली हवा पंक्चर नसताना पण हळूहळू जाते, मग रबर रिमच्या वजनाखाली एकाच जागी दबून राहतं आणि टायरला तिथे बारीक भेगा पडतात. चेन कोरडी पडते. ब्रेकचे पॅड कडक होऊन चकचकीत होतात आणि पकडत नाहीत. यातलं एकही काम मोठं नाही, सगळं एका दिवसात होतं, पण प्रत्येक जण मला सांगत होता की आता नवीन घेऊन टाका. माझी सायकल नऊ वर्षांची आहे आणि मी तिला जुनी मानायला तयार नाही. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये रोव्हर नावाची सायकल काढली, त्यात सारख्या आकाराची वाटावी अशी दोन चाकं, मधे पॅडल, चेनने मागच्या चाकाला जोर, आणि १८८८ मध्ये डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आज आपण जी चालवतो ती मुळात तीच आहे. तिथे नऊ वर्षांचं काय घेऊन बसलात. नवीन सायकल घेतल्याने रस्ते ओळखीचे होत नाहीत, ती पण जिन्याखालीच जाते.

एक चूक मात्र माझी स्वतःची. सामान बांधताना सीट पूर्ण खाली दाबलेली होती आणि मी ती अंदाजाने वर ओढली. तीन आठवडे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत राहिलं आणि मला वाटलं झालं, संपलं आता आपलं. सीट तीन सेंटिमीटर खाली होती, बास. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली न्यायचं, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे, मग पंजा ठेवून चालवलं की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो. शहर बदलणार असाल तर निघायच्या आधी सीटच्या दांडीला चिकटपट्टीने खूण करून ठेवा, माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय मी जड गिअरवर जोर लावत होते, जोर लावला की व्यायाम होतो असं वाटतं ना. मग मोजायला लागले, पंधरा सेकंदांत एक गुडघा किती वेळा वर येतो ते, आधी तेरा चौदा यायचा, आता वीस येतो म्हणजे मिनिटाला ऐंशी, आणि गुडघे गप्प आहेत. दम परत यायला वेळ लागत नाही, सांध्यांना लागतो, त्यामुळे दम आला म्हणून किलोमीटर वाढवू नका.

आता रस्त्यांकडे येते, कारण खरं पत्र त्यासाठीच आहे. पहिल्या रविवारी मी मॅपवर बघून पंधरा किलोमीटर लांबचं ठिकाण ठरवलं आणि निघाले, जाताना इतकं छान वाटलं की काय सांगू, पाय लागतच नव्हते, मला वाटलं चौदा महिने काही बिघडलंच नाही. परत फिरले आणि कळलं की जाताना वारा पाठीवर होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मी ताशी १५ ने चालले आणि समोरून १५ चाच वारा आला तर अंगावर ३० ची हवा येते आणि विरोध चौपट होतो. त्यात परतीचा सगळा रस्ता चढाचा. कारमधून त्याच रस्त्याने मी पन्नास वेळा गेले असेन, मला तो सपाट वाटायचा! शंभर मीटरला दोन मीटर चढ गाडीत जाणवत सुद्धा नाही पण तो दोन किलोमीटर चालला तर आपण ४० मीटर वर गेलो, म्हणजे तेरा मजले. जुन्या शहरात मला माहीत होतं की सकाळी वारा कुठून असतो, मी आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचे आणि दमल्यावर वारा ढकलत घरी आणायचा. इथे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचे चार किलोमीटर सायकल हातात धरून चालत आले आणि नंतर तीन आठवडे तिला हात लावला नाही.

परत सुरू झाली ती एका आजोबांमुळे. मी सिग्नलला थांबले होते, जवळच एक काम होतं म्हणून निघालेले, बाजूला एक आजोबा साध्या काळ्या सायकलवर, पँटच्या पायाला क्लिप लावलेली. म्हणाले, "नवीन दिसता तुम्ही इकडे." मी म्हटलं हो. "मग पुलावरून जाऊ नका, पुलावर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, खालून जा, शाळेच्या भिंतीकडेने, आणि तिथे गटाराची जाळी आहे, ती डावीकडे ठेवा." सिग्नल सुटला आणि ते गेले, मी नाव पण विचारलं नाही. मी खालून गेले आणि ती जाळी बघितली, मुद्दाम उतरून बघितली. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर बसवलेल्या, मधली फट इतकी की माझा ३५ मिलिमीटरचा टायर अलगद आत उतरला असता. हीच जाळी चौकोनात फिरवून आडवी बसवली असती तर सायकल वरून निघून गेली असती, नवीन काही आणायची गरज नाही, नुसती फिरवायची. बाइकवाल्याला ती कधी दिसणार नाही आणि कारवाल्याला तर नाहीच, मला स्वतःला त्या रस्त्याने वर्षभर जाऊन दिसली नव्हती. त्या माणसाने मला दहा सेकंदांत जे दिलं ते कुठल्या ॲपने दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी लांबची ठिकाणं सोडली आणि एक साडेसहा किलोमीटरचा फेरा ठरवला, पुलाखालून जाणारा. आठवड्यात तीन दिवस, तोच फेरा, दुसरीकडे वळायचंच नाही. पहिला महिना अगदी कंटाळवाणा वाटेल असं ऐकायला वाटतं पण तसं होत नाही, कारण रोज काहीतरी कळतं. सहाला निघाले तर रस्ता रिकामा पण दोन दिवे बंद असतात, साडेसहाला उजेड असतो पण शाळेच्या बसेस सुरू होतात, मग सव्वासहा. बाईमाणसाला हा पाव तासाचा हिशोब फार महत्त्वाचा असतो, हे वेगळं सांगायला नको. कुठे उभ्या गाड्यांची रांग असते ते कळलं आणि तिथे मी गाड्यांपासून चांगलं मीटर दीड मीटर अंतर ठेवून चालते, कारण अचानक उघडलेलं दार चुकवायला वेळच मिळत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, जानेवारी २०२२ पासून लिहिलंय की गाडीचं दार दारापासून लांबच्या हाताने उघडावं, म्हणजे अंग वळतं आणि नजर आपोआप मागे जाते. इतकी साधी गोष्ट, आजपासून आपण पण करू शकतो की. पाऊस पडून गेल्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं घसरतात, त्यातली माझ्या फेऱ्यावरची सगळी मला आता माहीत आहेत. दुसऱ्या महिन्यात फेऱ्याला एक फांदी जोडली, मग अजून एक. आता बावीस किलोमीटर होतात आणि त्यात अनोळखी असा एकही मीटर नाही.

संपादक महोदय, म्हणून माझी विनंती अशी आहे. आठवड्यातून एकदा पेपरात एक छोटी चौकट द्या, चार बोटांची पुरे, आणि तिच्यात वाचकांना त्यांचा रोजचा फेरा लिहू द्या. फेरा किती किलोमीटरचा, निघायची बरी वेळ कोणती, चढ कुठून कुठे, कुठली जाळी उलटी बसलीय, कुठे थांबून पाणी प्यायला सावली आहे. रेसवाल्यांसाठी नको, त्यांचे ग्रुप असतात आणि त्यांचा वेग आमच्यासारख्यांना झेपत नाही, मी एकदा गेले होते, पाचव्या मिनिटाला मागे पडले आणि कुणी थांबलं नाही. हे आमच्यासारख्यांसाठी, जे मजा म्हणून चालवतात. आणि ज्या जाळ्यांबद्दल दोन तीन जण लिहितील त्यांची यादी रस्ते बघणाऱ्या खात्याकडे पाठवा, पेपरने पाठवलेली यादी वाचली जाते, माझा एकटीचा अर्ज वाचला गेला नाही.

याच्याही पुढचं स्वप्न मला आहेच. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून चालत आलंय, दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, १२० किलोमीटरच्या वर मोठे रस्ते गाड्यांना बंद आणि सायकल, चालणारे, मुलं यांना मोकळे. नवीन आलेल्या माणसाला शहराची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगली जागा कुठली असेल? आपल्याला १२० नकोत, एक रस्ता, एक रविवार, दोन तास दिले तरी जिन्याखालच्या किती सायकली बाहेर येतील ते बघा. पण त्याला परवानग्या लागतील, बैठका लागतील. चौकटीला फक्त तुमची परवानगी लागते.

सुरुवात मी करते. माझा साडेसहा किलोमीटरचा फेरा या पत्राबरोबर वेगळ्या कागदावर लिहून जोडलाय, पुलाखालच्या जाळीसकट. आजोबा पेपर वाचत असतील तर त्यांनी तो तपासून घ्यावा, काही राहिलं असेल तर कळवावं.

आपली,
एक सायकलवाली वाचक