मनू, खोकं उघडशील तेव्हा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सुन्या उद्या असळजला माल टाकायला येतोय, त्याच्याकडे हे खोकं देतेय. पत्र मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय, नाहीतर तू आधी ऑइल सील बघत बसशील आणि पत्र ग्रीजच्या हाताने कुठेतरी खोचशील. फोनच केला असता, पण रविवारपासून आपलं बोलणं ‘जेवलीस का’, ‘हो’ याच्या पुढे जात नाही. आणि परवा ग्रुपवर टाकलास त्या फोटोबद्दल मला फोनवर बोलायचंच नाही, माझा आवाज चढतो. पत्रातही त्या फोटोबद्दल लिहिणार नाही. गाडीबद्दल लिहिते.

रविवारी मी बोलले ते पैशावरून नव्हतं. दोन लाख साठ हजार तुझ्या पगाराचे, तुझं तू जाण. पण २०१० सालची बोलेरो कॅम्पर पिकअप, खाणीवर राबलेली, दारात लावायची आणि मग आईबापाला सांगायचं? मी एवढंच म्हटलं की एखादी बरी स्विफ्ट बघितली असतीस, तर तू म्हणालीस, “धनगरवाड्यावर स्विफ्ट नेतो काय मी?” तेही खरंच म्हणा. पण वांग्याच्या ताटावरून उठलीस ते काही बरं केलं नाहीस. बाबा तुझ्यासमोर गप्प राहिले म्हणून तुला वाटलं ते माझ्या बाजूचे. तू खोलीत दार लावून बसलीस तेव्हा ते टॉर्च घेऊन त्या गाडीखाली आडवे झाले होते. लुंगीला ग्रीज घेऊन वर आले आणि म्हणाले, “चासी सरळ हाय, वेल्डिंग कुठं दिसत न्हाई.” हे तुला सांगायचं नाही असंही म्हणाले. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकायची बंदी आहे, ते मात्र तू त्यांना सांग. माझं ऐकत नाहीत.

आता आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानातली काउंटरवरची बाई म्हणून बोलते. गाडी वाईट निवडली नाहीस. २५२३ सीसीचं ते डीआय इंजिन अडाणी आहे, आणि गगनबावड्याच्या पावसात अडाणी इंजिनच बरं, सेन्सर ओले झाले म्हणून वाटेत रुसत नाही. त्याचा पार्ट कळ्याला मिळाला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतो, उद्यमनगरात नसला तर लेथवर करून मिळतो. खाणीची धूळ परवडली. मला धास्ती होती ती पुरातल्या गाडीची. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ ची. त्यानंतर कित्येक महिने दुकानात सेल्फ, अल्टरनेटर आणि बेअरिंग मागायलाच माणसं येत होती. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. म्हणून एकदा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला मातीची रेघ असते. सीटच्या रेलचे बोल्ट बघ, डॅशबोर्डखाली हात घालून वायरचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघ. बाबा चासी बघतात, या गोष्टी बघत नाहीत.

मग ऑइल. इंजिनचं सगळेच बदलतात. या गाडीत गिअरबॉक्स वेगळा, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्सफर केस वेगळा, ॲक्सलमधले पुढचा आणि मागचा डिफरन्शियल वेगळे, आणि खाणीवाल्याने त्यातलं शेवटचं ऑइल कधी बदललं हे त्यालाही आठवत नसणार. मेस्त्रीला सांग, आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघ, मगच खालचा सोड. खालचा सोडला, ऑइल सांडलं आणि वरचा जाम, अशी गाडी टेम्पोत घालून आणलेली मी पाहिली आहे. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलेलं आहे. तसं असेल तर नुसतं बदलून भागणार नाही, सील बदल. खोक्यात चारही ठिकाणची सील आहेत. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉसही दिलेत, गाडी उचलताना ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच असणार. तू अंगणातून गाडी काढलीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकला.

डिफरन्शियलच्या ब्रीदरला, म्हणजे त्याच्या हवेच्या भोकाला, जोडायचा पाइपही आहे. तो मी खोक्यात ठेवला, काढला, परत ठेवला. गरम झालेला डिफरन्शियल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढून घेतो. ब्रीदरचं तोंड वर नेऊन बांधलं की ओढत नाही. ही गोष्ट चांगली आहे, कुणीही समजूतदार मेस्त्री करून देईल. पण हा पाइप आईने पाठवला म्हणजे आईने पाण्यात जायला परवानगी दिली असा अर्थ काढू नकोस. रस्त्यावर साठलेल्या पाण्यासाठी तो आहे. वाहत्या पाण्यासाठी नाही.

बघ, लिहिणार नव्हते.

ब्रेककडे येते. फोर बाय फोरने, म्हणजे चारही चाकांच्या जोराने, गाडी निघते, थांबते ती सगळ्या गाड्यांसारखीच, ब्रेकवर आणि टायरवर. मागचे लायनर आणि व्हील सिलिंडरचे किट पाठवलेत. ब्रेक ऑइल पूर्ण नवीन घाल, ते हवेतला ओलावा ओढतं आणि घाटात तापलं की पॅडल खाली जातं. तुझा हौदा बहुतेक वेळा रिकामा असणार, जनावरांच्या औषधांची पेटी आणि रेतनाचा नायट्रोजनचा कंटेनर म्हणजे काय वजन? रिकाम्या हौद्याची गाडी ओल्या डांबरावर मागून फिरते. वाळूची दोन पोती मागच्या ॲक्सलवर येतील अशी टाक आणि दोरीने बांध. आणि डांबरावर फोर-हायचा, म्हणजे चारही चाकं जोडायचा, दांडा ओढून हिंडू नकोस, पाऊस असला तरी. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि या गाडीत मध्ये ताण सोडवणारं काही नाही, तो सगळा ट्रान्सफर केसवर येतो. चिखलात टाक, चिखल संपला की काढ. चारही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले पाहिजेत ते त्याच्यासाठीच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तुझ्या मागच्या डाव्या टायरवर बाबांनी ३२१९ वाचलं. २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नेमका पुराचा. मला काही शकुन-अपशकुन नको सांगू, पण तो टायर बदल.

त्या तुझ्या मित्राने सांगितलेली यादी तू ग्रुपवर टाकली होतीस. मोठे टायर, पुढे लोखंडी बुलबार, अडकलेली गाडी ओढायची विंच, छतावर लाइटची पट्टी, इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारा स्नॉर्केल. मनू, गाडी रोज चालवायची आहे ना? मोठ्या टायरने स्पीडोमीटर कमी दाखवतो, स्टिअरिंग जड होतं, व्हील बेअरिंग लवकर जातात आणि ते ६३ घोड्यांचं इंजिन करूळ घाट चढताना धापा टाकतं. कंपनीचं जे माप आहे तेच घे, फक्त नक्षी जरा खोल बघ. बुलबारला केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातलीय, सरकारी नोकरीतल्या बाईने तो लावून कसं फिरायचं? लाइटच्या पट्टीने धुक्यात समोर पांढरी भिंत दिसते, त्यापेक्षा आहेत ते हेडलाइट घासून घे, खाली पिवळे फॉगलॅम्प लाव. वायपरची पाती खोक्यात आहेत. काचेवर गरम हवा मारणारा ब्लोअर आधी चालू कर, तुझ्या रोजच्या वापरात विंचपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

स्नॉर्केलचं मात्र मी सरळ नाही म्हणते. त्याने इंजिनात पाणी जात नाही हे मला माहीत आहे. फिल्टरातून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, असे वाकलेले रॉड मी काउंटरवर पुष्कळ पाहिले. पण स्नॉर्केल लावून गाडी तरंगायची थांबत नाही. दोन फूट पाणी वाहतं असलं तर पिकअपही सरकते, चार चाकं फिरोत नाहीतर चाळीस. आणि आपल्याकडच्या बंधाऱ्यांना कठडा नसतो. मेअखेरीला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात वरून पाणी जायला लागतं, आणि मग रस्ता कुठे संपला आणि नदी कुठे सुरू झाली हे गढूळ पाण्यात कुणाला दिसतं? तुझ्या फोटोत पाणी हबच्या वर होतं. तू खिडकीतून हात काढून दोन बोटं दाखवत होतीस. खाली लिहिलं होतंस, फोर बाय फोर पॉवर.

दत्तामामाचं मी काढणार नव्हते. तुला सगळं माहीतही नाही, तू तेव्हा चौथीत होतीस, तुला आम्ही आत्याकडे झोपवलं होतं. त्याची एमएम ५४० म्हणजे तालुक्यात एक नंबर. रोज त्याच बंधाऱ्यावरून दूध घालायला जायचा, लहानपणी त्याच डोहात पोहायला शिकलेला. त्या संध्याकाळी वाटेतल्या दोघांनी हात केला तर म्हणाला, “माझी फोर बाय फोर हाय.” सकाळपर्यंत बाभळीला धरून होता. जीप पाणी उतरल्यावर मिळाली. अजूनही उन्हाळ्यात, बंधारा ठणठणीत कोरडा असला तरी तो बालिंग्यावरून वळसा घालून येतो आणि पेट्रोल महागलं म्हणून आम्हालाच शिव्या घालतो. तुझा फोटो त्यानेही पाहिला. त्याने अंगठा टाकला नाही, ते तुझ्या लक्षात आलं का?

रागावू नकोस. डॉक्टर झालेल्या मुलीला असं शिकवू नये हे मला कळतं. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला तुला सोडायला आलो तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं, ही आठ दिवसांत परत येणार. आणि तू पहिल्या सुट्टीत आलीस ती म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात कसा घालतात ते ताटावर बसून सांगत.

मागच्या महिन्यात दुकानात मांडुकलीकडचा एक माणूस फॅनबेल्ट घ्यायला आला. बिलावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, “डॉक्टरबाई तुमच्या कोण?” मग उभ्या-उभ्या सांगत बसला. गेल्या पावसाळ्यात रात्री त्याची म्हैस अडलेली, बंधाऱ्यावर पाणी, आणि तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून पलीकडे गेलीस. रेडकू मेलं, म्हैस वाचली. “पोरगी वाघीण हाय तुमची,” म्हणाला. मी त्याला चहा पाजला, बेल्टचे पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर बाबांना सांगताना मला हसू येत होतं, आणि रात्री मात्र झोप लागेना. तू यातलं आम्हाला काहीच सांगितलं नव्हतंस. त्या रात्री निदान जायचं की नाही हे ट्रॅक्टरवाला ठरवत होता, त्याला त्या पाण्याची सवय. आता चावी तुझ्या हातात, शेजारी कुणी नाही, आणि पलीकडून फोनवर कुणीतरी रडत असणार. तू नाही म्हणणाऱ्यातली नाहीस. म्हणून मला ती गाडी नको होती. स्विफ्ट असती तर तू काठावर थांबली असतीस.

हे रविवारी बोलता आलं नाही, वांग्यांवर आणि पैशावर घसरले.

कागदांचं थोडक्यात: गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर खाणीवाल्याची सही झालीय ती बघितली, पण बँकेचा बोजा उतरल्याचा ३५ नंबर दिसला नाही, तो घेतल्याशिवाय उरलेले वीस हजार देऊ नकोस. मालवाहू पासिंगची गाडी आहे, आठ वर्षांच्या पुढची, दर वर्षी फिटनेस करावं लागेल. लायसन्सचं बाबा विचारत होते, तुझ्या एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर, चालते. २०१९ च्या आधीची आहे म्हणून नवी नंबरप्लेटही लावायची राहिलीय.

काम कळ्याच्या मेस्त्रीकडे कर, बाबांनी त्याला फोन केलाय. केला नाही असं ते म्हणतील. क्लच आत्ता उघडू नका, अजून वर्ष काढेल. आधी ब्रेक, टायर, वायपर, सील. त्यात पगाराचं काही उरलं तर सीटचा फोम बदल, तुझी कंबर माझ्यासारखीच आहे.

पुढच्या रविवारी येणार असशील तर आदल्या दिवशी कळव. वांगी करणार नाही.

तुझी,
आई

ता. क. ग्रीज गन सुन्याची आहे, परत पाठव, तो दोनदा विचारून गेलाय. आणि लोंघ्याला किंवा मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं तर दवाखान्यातच झोपायचं. तिथे गादी नाही हे माहीत आहे, खोक्याखाली बांधलीय ती घे.