प्रयोगशाळेतल्या ताईंना, त्या 8 मिनिटांबद्दल

प्रिय ताई,

सुरक्षा क्लिनिकची (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्याची) चिठ्ठी घेऊन येणारा माणूस खालमानेनेच हात पुढे करतो. तुम्ही नाव पुकारत नाही, नळीवर क्रमांक लिहिता आणि रक्त घेता. त्यानंतरचं तुमचं काम त्याला कधीच दिसत नाही. ते आम्हा समुपदेशकांना दिसतं, म्हणून हे पत्र.

उपदंशाची (सिफिलिसची) आरपीआर ही रक्ततपासणी सोपी समजली जाते. कार्डावरच्या वर्तुळात 50 मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पसरायचं, कोळशाचे बारीक कण असलेल्या अँटिजनचा (अँटिबॉडी हेरणाऱ्या द्रवाचा) एक थेंब सोडायचा आणि रोटेटरवर मिनिटाला 100 फेऱ्यांनी 8 मिनिटं फिरवायचं. काळे कण गोळा झाले तर रिॲक्टिव्ह, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या. पण अँटिजन फ्रिजमधून काढून तसंच गार वापरलं, तर कमी अँटिबॉडी असलेला नमुना हातचा निसटतो. सुई तिरपी धरली की थेंब लहानमोठा पडतो. वेळ लांबली की सीरम सुकतं आणि नसलेले गोळे दिसतात. गर्दी कितीही असो, तुम्ही घड्याळ लावूनच कार्ड वाचता.

सगळ्यात जास्त आभार प्रोझोनसाठी. तळहातांवर पुरळ उठलेल्या रुग्णात अँटिबॉडी कधी कधी इतक्या जास्त असतात, की मूळ सीरममध्ये कण नीट गोळाच होत नाहीत. वर्तुळ जरासं खरखरीत दिसतं, बस. तेवढ्यावर तुम्ही सीरम पातळ करून पुन्हा लावता, आणि ‘निगेटिव्ह’ ठरू पाहणारा नमुना ठळक रिॲक्टिव्ह निघतो. गरोदर बाईच्या बाबतीत हे चुकलं, तर पोटातल्या बाळापर्यंत आजार जातो.

शिवाय तुम्ही नुसतं ‘रिॲक्टिव्ह’ लिहून सोडत नाही, टायटर देता, म्हणजे सीरम किती पट पातळ करूनही रिॲक्टिव्ह राहतं तो आकडा. पेनिसिलिननंतर 1:32 चं 1:8 झालं तर उपचार लागू पडले. 1:16 वर मात्र काहीच ठरवता येत नाही, एका पायरीचा फरक तपासणीतलाच असू शकतो. टीपीएचए ही उपदंशाची दुसरी तपासणी इथे कामाची नाही, ती बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते.

आणि हो, उपदंशाची जखम ताजी असेल तर आरपीआर निगेटिव्ह येऊ शकते. अशा रिपोर्टखाली तुम्ही ‘दोन आठवड्यांनी पुन्हा पाठवा’ असं हाताने लिहिता. ती ओळ दाखवूनच आम्ही माणसाला परत बोलावतो.

तुमचे,
समुपदेशन कक्षातले सहकारी