शुक्रवारचा फोन

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दहा मिनिटांवर राहूनही पत्र लिहितेय. समोर बसले की तुम्ही दोघं 'सगळं ठीक आहे' म्हणता आणि मी चहा पिऊन कर्वेनगरला परत येते.

ही सवय मस्कतच्या फोनची. मी सहावीपासून नारायण पेठेत आजीकडे, तुम्ही तिकडे. शुक्रवारी तुम्हाला सुट्टी, म्हणून शुक्रवारी फोन. मिनिटामिनिटाला पैसे पडायचे. त्यात माझा ताप, आजीचं पडणं, बाबांचे थकलेले पगार कोण सांगणार? "इकडे सगळं छान." २८ वर्षं आपण एकमेकांना जपायला लपवत आलो. तुम्ही परत आलात, लपवणं राहिलंच.

परवा न सांगता आले, तर बाबा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. आणि मोज्याच्या आत ती जखम. चप्पल चावून तीन आठवडे झाले, दुखत नाही म्हणून तुम्ही सोडून दिलंत. काल डॉक्टरांनी बारीक धागा तळपायाला टेकवून "कळतंय का?" विचारलं, तेव्हा चार ठिकाणी तुम्ही गप्प होतात. मी धागा बघत होते, बाबा. जुन्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही हीच भीती. आणि आई, तू रोज पट्टी बदलत होतीस. मला एक फोन नाही?

खर्चाचं कळतं मला. तिकडची पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी एकदाच मिळाली, नोकरीबरोबर कंपनीचा विमाही गेला. पण ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंत, जुना आजार असला तरी. बाबांचं आधार काढून ठेवा. आईला सत्तरी यायला ३ वर्षं आहेत. तिची पॉलिसी आत्ताच काढू, कारण तिच्या बीपीचा खर्च पॉलिसीतून मिळायला आधी ठरावीक मुदत थांबावं लागेल.

आता घराचं. डहाणूकर कॉलनीतला तिसरा मजला तुम्ही १९९६ मध्ये एकेक रियाल साठवून घेतलात. लिफ्ट नाही, हे चाळिशीत कुणाला खटकणार? विकू नका, भाड्याने द्या. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा वन बीएचके रिकामा होतोय. दार वेगळं, स्वयंपाक वेगळा. 'मुलीकडे कसं राहायचं' हे तुझं म्हणणं ठाऊक आहे, आई. करार बाबांच्या नावावर करू, भाडंही तुम्हीच भरा. फक्त संध्याकाळी खाली उतरले की तुमच्या खिडकीत दिवा दिसावा. लहानपणी तो दिसला नाही. त्याचा राग नाही, पण आता तरी दिसू दे.

रविवारी सकाळी दहाला घर दाखवणार आहेत. मी गाडी घेऊन येते. बाबा, डॉक्टरांनी सांगितलेले बूट घाला, ती चप्पल नको.

तुमची,
मनू