जे काम झालं तेही छापा ना

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात आमच्या नागपुरात कोणीही भेटलं की पहिला विषय ऊन, पारा ४५ च्या वर, कुलर गरम हवा फेकतो, परत लाईट गेली, हे शहर राहण्यासारखं राहिलं नाही वगैरे. खरंच आहे ते, चटके मलाही बसतात. पण याच दिवसात सिव्हिल लाईन्समधून गाडीवर जा, बहावा नुसता पिवळाधमक लटकलेला असतो आणि जुने लोक सांगतात की बहावा फुलला की पाऊस महिना-दीड महिन्यावर आला समजा. ऊन तेच, रस्ता तोच, पण एक जण घरी येऊन चटक्यांचं सांगतो आणि दुसरा बहाव्याचं.

१९९९ मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं की पांढऱ्या शर्टवाले खेळाडू किती वेळा बॉल पास करतात ते मोजा. मधेच गोरिलाचा ड्रेस घातलेलं एक माणूस सरळ त्या खेळाडूंमधून चालत गेलं, छाती बडवली आणि निघून गेलं, तरी जवळपास अर्ध्या लोकांना ते दिसलंच नाही! म्हणजे डोळे उघडे असून उपयोग नाही, मन जे मोजायला बसलंय तेच दिसतं. आणि आपण रोज सकाळपासून काय मोजतो? फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात खड्डे, कचरा, ट्रॅफिक, आजकालची पोरं, याशिवाय काही येतच नाही, आणि घरातली लहान मुलं हे सगळं ऐकत मोठी होतायत याची मला खरंच काळजी वाटते.

वाईटाकडे लक्ष आधी जाणं हा माणसाचा स्वभावच आहे, जंगलात राहायचो तेव्हा धोका दिसला नाही तर जीव जायचा. म्हणून चांगलं मुद्दाम बघावं लागतं. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात काही लोकांना दर आठवड्याला ज्याबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. दहा आठवड्यांनी आभारवाले आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते आणि व्यायामही जास्त करत होते. खर्च काय तर वही आणि पेन.

पण एक सांगते, दुःखात असलेल्याला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून गप्प करणं मला अजिबात पटत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला आमचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, रात्रीतून लोकांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांचा सगळा संसार भिजला त्यांना राग आलाच पाहिजे आणि त्यांनी जाबही विचारलाच पाहिजे. पण त्याच वेळी शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर जागा दिली, एनडीआरएफ आणि लष्कराच्या जवानांनी माणसं बाहेर काढली, हेही तेवढंच घडलं ना? ते सांगितल्याने तक्रार कुठे कमी होते, उलट पुढच्या वेळी कोणाला हाक मारायची ते कळतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या पत्रांच्या पानावर बंद पथदिवे, फुटलेली पाईपलाईन, तुंबलेली गटारं रोज येतात, यायलाच पाहिजेत. पण त्यातला दिवा लागला, पाईप दुरुस्त झाली की ते कुठेच येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं काहीच होत नाही, मग तो तक्रार करणंही सोडून देतो. माझ्या मते हे जास्त वाईट आहे. तर आठवड्यातून एक दिवस, सोमवारी वगैरे, आधी छापलेल्या तक्रारींपैकी कोणती सुटली, कोणी पाठपुरावा केला, किती दिवस लागले एवढं चार ओळीत द्या. त्या वॉर्डातल्या लोकांना फोन करून माहिती गोळा करायची असेल तर आमच्या भागापुरतं ते काम मी आनंदाने करीन.

आपली एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर