पेटंट मिळालं, की नुसतं छापून आलं?

संपादक साहेब,

तुमचा पेपर मी निविदा आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट वाचतो, त्यामुळे तक्रार करायचा थोडा हक्क आहे असं धरून लिहितोय. गेली काही वर्षं बघतोय, तुमच्याच नव्हे, सगळ्याच पेपरात अधूनमधून एक फोटो असतो, शाल, नारळ, बाजूला प्राचार्य, आणि खाली ओळ की अमुक सरांच्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळालं. मिळालं म्हणजे नक्की काय मिळालं हे विचारतं का कोण?

मी का विचारतोय ते सांगतो. यंदा चवथीला बहिणीकडे गेलो होतो, भाचा एका कॉलेजात शिकवतो. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघायला मान वर केली तर शेजारच्या भिंतीवर सोनेरी फ्रेम. "मामा, माझ्या ॲपला पेटंट मिळालं." मला खरंच आनंद झाला, चष्मा लावून वाचायला गेलो, तर ते इंग्लंडचं डिझाइन रजिस्ट्रेशन निघालं! डब्यासारखी एक वस्तू, वर स्क्रीन, खाली दोन बटणं, आणि मालक म्हणून आठ जणांची नावं, त्यातल्या तिघांना भाचा कधी भेटलेलाही नाही. एजंटने माणशी पैसे घेऊन पंधरा दिवसात काम करून दिलं म्हणे. डिझाइन म्हणजे वस्तू दिसते कशी तेवढंच, आत काय चालतं त्याचा संबंध नाही, आणि ते रजिस्टर करताना तिथलं ऑफिस ही वस्तू नवीन आहे की नाही हे तपासतसुद्धा नाही. ॲपचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. सणासुदीला कुठे बोलायचं म्हणून गप नेवऱ्या खाल्ल्या.

आता सॉफ्टवेअरचं पेटंट खरं कसं असतं ते बघा. अमेरिकेत मार्टिन गेट्झ नावाचा माणूस होता, २०२३ला वारला. मोठ्या कॉम्प्युटरवर माहिती क्रमाने लावायची, म्हणजे सॉर्टिंगची एक पद्धत त्याने काढली, १९६५ला अर्ज केला आणि २३ एप्रिल १९६८ला त्याला पेटंट मिळालं, नंबर ३३८००२९. सॉफ्टवेअरचं ते पहिलं पेटंट मानतात. आजच्या पोरांना सॉर्टिंग म्हणजे एक्सेलमधलं बटण वाटतं पण मी ऐंशीच्या दशकात मुंबईला एका कंपनीच्या कॉम्प्युटर सेक्शनला होतो, तेव्हा मेमरी एवढीशी, सगळ्या कामगारांचे रेकॉर्ड एकदम मावायचेच नाहीत, मग थोडे थोडे उचलून क्रमाने लावायचे, टेपवर टाकायचे, परत दोन टेपा वाचून तिसरीवर एकत्र करायचे, असं करत करत शेवटी एक टेप तयार व्हायची. रात्री सॉर्ट लावला की चहा पिऊन, एक डुलकी काढून आलो तरी टेपा आपल्या फिरतायत. यातला वेळ वाचवणं म्हणजे रोकडा पैसा होता. तर असल्या कामाचं ते पेटंट, आणि तरी तीन वर्षं लागली.

आणि पेटंट हातात आलं म्हणजे गल्ला भरला असंही नाही हां. गेट्झच्या कंपनीचं ऑटोफ्लो नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर होतं, प्रोग्रामवरून आपोआप फ्लोचार्ट, म्हणजे त्याच्या पायऱ्यांचं चित्र, काढून देणारं, पण कॉम्प्युटर बनवणारी बडी कंपनी आयबीएम मशीनबरोबर असले प्रोग्राम फुकट द्यायची, मग विकत कोण घेणार? शेवटी १९६९ला त्यांनी आयबीएमवर केस घातली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे लावायचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू आहे हे धंद्याला पटवायला एवढा खटाटोप लागला. भाच्याच्या फ्रेमसमोर उभा राहून मला गेट्झच आठवत होता.

आपल्याकडे तर रस्ता आणखी अरुंद. पेटंट कायद्यातलं कलम ३(के) सांगतं की गणिताची पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम (काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या) यांना पेटंट नाही. त्यातला "नुसता" हा शब्द २००२च्या दुरुस्तीत आला आणि सगळी वकिली तिथेच चालते. प्रोग्राममुळे काही तांत्रिक परिणाम होत असेल, मशीन जास्त चांगलं चालत असेल तर विचार होतो, २०१९ला दिल्ली हायकोर्टानेही तसंच सांगितलंय. पण हॉटेल बुकिंगच्या साध्या ॲपला कुठून मिळणार? कोड लिहिला की त्याचा कॉपीराइट आपोआप असतो, ते मात्र कोण सांगत नाही, कारण त्याला फ्रेम येत नाही.

आता खरी गोम. अर्ज केला की १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या दर शुक्रवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये छापून येतो, आणि जादा फी भरली तर महिन्याभरातच येतो. हे छापणं म्हणजे पब्लिश होणं. तोपर्यंत शोध नवीन आहे का हे कोणी तपासलेलं नसतं, तपासणीसाठी वेगळी विनंती, वेगळी फी, मग आक्षेप, मग उत्तरं, आणि हे सगळं पार पडलं तर पेटंट. पण जर्नलमध्ये नाव आलं की लगेच शाल नारळ.

बरं मिळालेलं पेटंटही पक्कं असतंच असं नाही. आमच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेचे प्रमुख असताना हळदीची केस झाली ती गोव्यात कोणाला माहीत नाही? जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ला दिलं गेलं होतं, आपण जुन्या ग्रंथांतले दाखले दिले आणि १९९७ला ते रद्द झालं. ते तर रीतसर तपासून दिलेलं होतं!

तर विनंती एवढीच की अशी बातमी आली की एक फोन करून तीन गोष्टी विचारा, पेटंट की डिझाइन, कुठल्या देशाचं, आणि नुसतं पब्लिश की ग्रँट, म्हणजे खरंच मंजूर. अर्ज नंबर मागा आणि बातमीत छापा, पेटंट ऑफिसच्या साइटवर तो टाकला की स्टेटस फुकटात दिसतं. भाच्याला मी दिवाळीला सांगणार आहे, तोपर्यंत हे पत्र छापलं तर कृपा करून माझं नाव घालू नका, बहीण हाच पेपर घेते.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा